थट्टेची नावे : इंग्लंडमधील तरुणांच्या टोपणनावांचा इतिहास

लंडनच्या पिकॅडिली भागातील पुस्तकविक्रेता जॉन कॅम्डन हॉटन याने १८५९ साली स्वतःचे नाव न घालता एक कोश प्रसिद्ध केला. चोरांच्या, फेरीवाल्यांच्या आणि रस्त्यावरच्या इतर लोकांच्या तोंडचे शब्द त्यात गोळा केलेले होते. त्यात 'यॉब' असा एक शब्द असून त्याचा अर्थ 'मुलगा' एवढाच दिलेला आहे. 'बॉय' या शब्दाची इंग्लिश अक्षरे उलट क्रमाने वाचली की 'यॉब' होतो. हातगाडीवर भाजी, फळे आणि मासळी विकणाऱ्या लंडनच्या फेरीवाल्यांची ही उलटी भाषा हेन्री मेह्यू याने १८५१ च्या सुमारास टिपून ठेवली होती. 'पेनी'चे त्या भाषेत 'येनेप' होत असे. गिऱ्हाईक समोर उभे असताना आपापसांत भाव ठरविता यावा, शिपाई कोपऱ्यावर दिसताच सोबत्याला सावध करता यावे, ही तिची गरज. महाराष्ट्रातील बाजारांत दलालांची नंदभाषा अशाच गरजेतून निपजली, आणि मुलांची 'च'ची भाषा तर घरोघर ऐकू येत असे. 'यॉब' या शब्दात त्या वेळी हिणकस असे काहीच नव्हते. फेरीवाला आपल्या हाताखालच्या पोराला याच नावाने हाक मारी. विसाव्या शतकात मात्र त्याचा अर्थ उद्धट, दंगेखोर, असंस्कृत पोरगा असा ठरून गेला, आणि १९९० नंतरच्या दशकात राजकारणी लोक 'यॉब संस्कृती'विरुद्ध सभांतून बोलू लागले. अक्षरे एकदा उलटली होतीच. पुढे अर्थानेही कूस पालटली.

तरुणांना थट्टेने दिलेल्या नावांचा इंग्लिश भाषेत मोठा साठा आहे, आणि इंग्रजांच्या विनोदबुद्धीची साक्ष म्हणून तो कौतुकाने सांगितला जातो. त्यातील विनोद खराच आहे. परंतु ही नावे कालक्रमाने मांडून, ती कोणी दिली, कोणाला दिली आणि त्या वेळी त्या तरुणाच्या अंगावर कोणत्या प्रकारचे कपडे होते, एवढे तीन प्रश्न विचारले तर कौतुकाला थोडी मुरड घालावी लागते. मराठीतही अशा नावांची वाण नाही. पण 'कुलदीपक', 'दिवटे चिरंजीव' ही मराठी थट्टा मुलाच्या बापाकडे पाहून केलेली असते. इंग्लिश थट्टा बहुधा त्याच्या शिंप्याकडे पाहून केली जाते. ज्या समाजात माणसाचा वर्ग त्याच्या बोलण्यावरून आणि पोशाखावरून ओळखला जाई, तेथे तसे होणे स्वाभाविकच होते.

अठराव्या शतकातील 'मॅकरोनी' हे अशा नावांपैकी आरंभीचे. श्रीमंत घराण्यांतील तरुण शिक्षणाची अखेर म्हणून इटलीचा प्रवास करीत आणि परत येताना तेथील खाण्याची रुची, उंच केशटोप व तंग अंगरखे घेऊन येत. १७६४ च्या आपल्या पत्रव्यवहारात होरेस वॉल्पोलने या मंडळींच्या क्लबाचा उल्लेख केला आहे. १७७० नंतर स्ट्रँड रस्त्यावरील डार्ली पतिपत्नींच्या दुकानात त्यांची व्यंगचित्रे लावलेली असत, आणि खिडकीसमोर बघ्यांची गर्दी होई. चित्रे बोचरी होती. पण मॅकरोनी तरुण स्वतःच्याच वर्गाचे कपडे जरा अधिक भडकपणे घालीत होता, एवढाच त्याचा अपराध. त्याच्यावर लोक हसले. त्याच्या पोशाखामुळे कोणी त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले नाही, आणि पुढे तोच गृहस्थ वडिलांच्या जागी पार्लमेंटात जाऊन बसू शके.

'हूलिगन' या शब्दाचे चरित्र अगदी वेगळे आहे. १८९८ च्या उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्टमधील बँक-सुटीनंतर, लंडनच्या वृत्तपत्रांत तो एकाएकी सर्वत्र दिसू लागला. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. संगीत-नाटकगृहांतील विनोदी गीतांत येणाऱ्या एका धांगडधिंगा करणाऱ्या आयरिश कुटुंबाचे ते आडनाव असावे, असे एक मत. साउथवर्कमधील कोणा दांडगट माणसाचे ते नाव होते, असे दुसरे. कोणतेही खरे असले तरी नाव आयरिश वळणाचे आहे, आणि हे वृत्तपत्रांच्या पथ्यावरच पडले. कारण रस्त्यावर मारामारी करणारा पोरगा अस्सल इंग्रज असूच शकत नाही, असे मग सुचविता येई. १८९९ साली क्लॅरेन्स रूकचे 'हूलिगन नाइट्स' हे पुस्तक निघाले, आणि वर्षभरापूर्वीची वृत्तपत्री थट्टा साहित्यात स्थिरावली. या पोरांचाही एक ठरलेला वेष होता : खाली घोळदार विजार, गळ्यात रुमाल, कमरेला धातूचे ठसे बसविलेला जाड पट्टा. मँचेस्टरमध्ये अशाच टोळ्यांना त्याआधीपासून 'स्कटलर' म्हणत.

जेफ्री पिअर्सन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली 'हूलिगन' याच नावाचा ग्रंथ लिहून एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. प्रत्येक पिढीतील प्रौढ मंडळी सांगत आली की वीस-तीस वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असे नव्हते, मुले मोठ्यांना मान देत असत. पिअर्सन त्या सांगितलेल्या वर्षांपर्यंत मागे जातो आणि पाहतो तो तेथेही हीच तक्रार लिहिलेली! तेथून आणखी मागे जावे, तर तेथेही तीच. सुवर्णयुग कायम एक पिढी मागे सरकत राहते. बदलते ते फक्त दांडगटाचे नाव. मध्यंतरी हा शब्द रशियन भाषेत जाऊन पोहोचला होता. तेथे १९२२ च्या सोव्हिएत दंडसंहितेत तो गुन्ह्याचे नाव म्हणून आला, आणि २०१२ साली मॉस्कोच्या एका चर्चमध्ये निषेधगीत गाणाऱ्या तीन तरुणींना याच नावाच्या गुन्ह्याखाली शिक्षा झाली. लंडनच्या एका उकाड्यात वृत्तपत्रांनी उचललेले टोपणनाव इतक्या दूरच्या न्यायालयात इतक्या गंभीरपणे उच्चारले जावे, हे त्या शब्दाच्या जनकांना स्वप्नातही वाटले नसेल.

मुलींसाठीची नावे संख्येने कमी आहेत, पण त्यांतील एकाने प्रत्यक्ष राज्यघटनेच्या प्रश्नात हात घातला. 'फ्लॅपर' म्हणजे मुळात उडायला शिकताना पंख फडफडविणारे रानबदकाचे पिल्लू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव पाठीवर वेणी हलविणाऱ्या अर्धवट वयाच्या मुलीला लागू झाले. पहिल्या महायुद्धानंतर आखूड केस, आखूड झगा आणि स्वतःच्या कमाईचे पैसे असलेल्या तरुणीला. १९१८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पुरुषांना एकविसाव्या वर्षी मताधिकार दिला, स्त्रियांना मात्र तिसाव्या, आणि तोही मालमत्तेच्या अटीवर. हा भेद काढून टाकण्याचे घाटू लागले तेव्हा 'डेली मेल'ने 'फ्लॅपर मत' हा शब्दप्रयोग हत्यारासारखा वापरला. नव्याने मत मिळणाऱ्यांत गिरणीत व कचेरीत कष्ट करणाऱ्या स्त्रिया होत्या, तिशी उलटूनही मालमत्तेअभावी वंचित राहिलेल्या होत्या. या सर्वांच्या जागी एका शब्दाने गुडघ्यापर्यंतचा झगा घालून नाचणारी एक पोरगी उभी केली. एवढे करूनही १९२८ साली समान मताधिकाराचा कायदा झाला, आणि पुढल्या वर्षीच्या निवडणुकीला 'फ्लॅपर निवडणूक' म्हटले गेले. थट्टा हरली, परंतु नाव टिकले. त्याच काळात मेफेअरमधील श्रीमंत मुलेमुली मध्यरात्री मोटारी उधळीत शहरभर 'खजिन्याचा शोध' खेळत आणि पोलिसांना त्रास देत. त्यांना मिळालेले नाव होते 'ब्राइट यंग पीपल', म्हणजे तेजस्वी तरुण मंडळी. एव्हलिन वॉने १९३० साली 'व्हाइल बॉडीज' या कादंबरीत त्यांना अजरामर केले. उपहास तेथेही आहे, पण तो घरातल्या माणसाने घरातल्यांचा केलेला.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे 'टेडी बॉय' हे नाव या साऱ्या इतिहासाच्या मध्यभागी येते. युद्ध संपल्यावर सॅव्हिल रो या उंची शिंप्यांच्या गल्लीने सातव्या एडवर्डच्या, म्हणजे १९०१ ते १९१० या राजवटीतील पोशाखाचे पुनरुज्जीवन केले. लांब कोट, मखमली गळपट्टी, नक्षीदार जाकीट आणि अरुंद विजार असा तो थाट गार्ड्स पलटणींच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी होता. रेशनिंगच्या करड्या दिवसांत हे श्रीमंतांचे जुन्या वैभवाकडे वळून पाहणे होते, आणि त्यावर कोणी फारसे हसले नाही. पण थोड्याच काळात दक्षिण लंडनमधील एलेफंट अँड कॅसल आणि आसपासच्या वस्त्यांतील कामकरी मुलांनी तोच कोट उचलला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागलेल्या या मुलांच्या हाती त्यांच्या बापांनी त्या वयात कधी पाहिला नव्हता एवढा पैसा खेळत होता. त्यांनी हप्त्याने सूट शिवून घेतले, त्यांत जाड रबरी तळव्यांच्या बुटांची आणि मागे बदकाच्या शेपटीसारख्या वळविलेल्या केसांची भर घातली. त्याबरोबर गार्ड्सच्या अधिकाऱ्यांनी आपले कोट खुंटीला टांगले ते कायमचे. १९५३ च्या सप्टेंबरात 'डेली एक्स्प्रेस'ने मथळ्यात 'एडवर्डियन' शब्द कापून 'टेडी' केला. एडवर्ड नावाच्या मुलाला घरात लाडाने हाक मारतात, ती ही. राजाचा पोशाख घालणाऱ्याला पाळण्यातले नाव देण्यात जो विनोद आहे, तो नेमका कोणाला त्याची जागा दाखविण्यासाठी होता, हे वेगळे सांगायला नको.

थट्टा लवकरच पुरावा बनली. नृत्यगृहांच्या दारांवर एडवर्डियन पोशाखात प्रवेश नाही अशा पाट्या लागल्या. १९५६ मध्ये 'रॉक अराउंड द क्लॉक' हा अमेरिकन चित्रपट आला तेव्हा काही चित्रगृहांत मुले खुर्च्यांमधल्या वाटेत नाचली, काही ठिकाणी खुर्च्या फाडल्या गेल्या, आणि अनेक नगरपालिकांनी आपल्या हद्दीत चित्रपट बंद केला. परंतु टेडी बॉय हा केवळ प्रौढांच्या कल्पनेचा बळी होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९५८ च्या ऑगस्टअखेर नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या जमावांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर रात्रीमागून रात्री हल्ले केले, आणि त्या जमावांत ही मुले होती. लोखंडी कांबी घेऊन काळ्या माणसांची शिकार करीत हिंडलेल्या नऊ तरुणांना न्यायमूर्ती सॅल्मन यांनी प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा दिली. येथे टोपणनावाने दुसरीच कामगिरी बजावली. घडले ते टेडी बॉयांनी केले, असे म्हटले की प्रश्न काही वाह्यात पोरांपुरता उरला. घरे भाड्याने देणार नाही अशा पाट्या लावणारे, हल्ल्यांच्या वेळी खिडकीतून पाहणारे आणि मनातून संमती देणारे प्रतिष्ठित शेजारी त्यातून सुटले. ज्या शब्दाने एरवी निरपराध मुलाला संशयित ठरविले, त्याच शब्दाने या वेळी इतरांना निर्दोष ठरविले. कॉलिन मॅकिनेस याने १९५९ च्या 'अॅब्सोल्यूट बिगिनर्स' या कादंबरीत हाच उन्हाळा एका तरुणाच्या तोंडून सांगितला आहे. त्या तरुणाला टेडी बॉयांचा तिटकारा आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९६० नंतरचे 'मॉड' हे नाव तरुणांनी स्वतःच घेतलेले. आधुनिक जॅझ आवडणारे ते 'मॉडर्निस्ट', त्याचे हे लघुरूप. स्वतः घेतलेल्या नावात विनोद क्वचितच असतो, असे या साऱ्या शब्दसंग्रहावरून दिसते; माणूस स्वतःचे बारसे गंभीरपणेच करतो. विनोद उरला होता तो मुलांच्या बोलण्यात, आणि तो त्यांना महागात पडला. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन या लहानशा समुद्रकाठच्या गावी लंडनची मुले जमली. ईस्टरच्या रविवारी ऐंशी वर्षांत पडली नव्हती एवढी थंडी होती, करमणुकीची दुकाने थोडीच उघडी होती. कंटाळलेल्या मुलांनी काचा फोडल्या, मोटारसायकली व स्कूटर पळविल्या. नुकसान भरले सुमारे पाचशे पौंडांचे. मथळे मात्र एखाद्या लढाईला शोभतील असे. पुढे मे महिन्यात मार्गेटला 'मॉड' आणि 'रॉकर' यांच्या झटापटी झाल्या, तेव्हा तेथील दंडाधिकाऱ्याने मुलांना लाकडाच्या भुशाचे सीझर म्हणून संबोधले, आणि त्याचे शब्द दुसऱ्या दिवशी देशभर छापले गेले. त्याच न्यायालयात पंचाहत्तर पौंड दंड झालेला एक मुलगा म्हणाला की तो धनादेश लिहून देईल. सर्व वृत्तपत्रांनी हे वाक्य उचलले. ही मुले पैशाने मातली आहेत, याचा याहून बळकट पुरावा कोणता? समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन याने १९७२ च्या आपल्या ग्रंथात त्या वाक्याचा उलगडा केला आहे. त्या मुलाजवळ दंडाचे पैसे नव्हते, बँकेत खाते नव्हते, आणि जन्मात त्याने धनादेशावर सही केलेली नव्हती. मान खाली घालण्याऐवजी त्याने केलेला तो विनोद होता. प्रौढांनी मुलांना दिलेली विनोदी नावे गंभीर झाली होतीच. आता मुलाने केलेला विनोदही गंभीर कबुलीजबाब म्हणून धरला गेला. त्या वर्षी गृहमंत्री हेन्री ब्रूक यांनी मालमत्तेच्या नुकसानीबद्दलचा कायदा घाईने कडक करून घेतला.

कादंबरीकारांपुढे या शब्दांनी वेगळीच अडचण उभी केली. असा शब्द पाचसहा वर्षांत शिळा होतो आणि त्याच्याबरोबर संवादही शिळे होतात. अँथनी बर्जेसने १९६२ च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या कादंबरीत त्यातून वाट काढली ती अशी, की लंडनच्या रस्त्यावरची बोली बाजूला ठेवून रशियन शब्दांच्या आधारे तरुणांची एक बोली त्याने नवीच रचली. तिला नाव दिले 'नॅडसट', म्हणजे तेरा ते एकोणीस या संख्यांच्या शेवटी येणारा रशियन प्रत्यय. मॅकिनेसची बोली आज टीपांशिवाय वाचणे जड जाते. बर्जेसची कधीच कोणाच्या तोंडी नसल्यामुळे जुनीही झालेली नाही.

'स्किनहेड', 'पंक' यांचा काळ येऊन गेला. त्यानंतर एकाच समाजातून दोन नावे निघाली, आणि ती शेजारी ठेवली असता बरेच काही उघड होते. पीटर यॉर्क याने १९७५ मध्ये एका उंची मासिकात 'स्लोन रेंजर' हे नाव प्रचारात आणले. स्लोन चौकाच्या आसपास राहणाऱ्या, मोत्यांची माळ आणि रेशमी रुमाल बांधणाऱ्या खानदानी मुलींवरची ही कोटी, एका अमेरिकन घोडेस्वार नायकाच्या नावावरून केलेली. १९८२ साली त्यांच्याविषयीची पुस्तिका निघाली, तिचा प्रचंड खप झाला, आणि ती विकत घेणाऱ्यांत स्लोन रेंजर स्वतः होत्या. थट्टा येथे आरशासारखी वापरली गेली. २००३-०४ च्या सुमारास प्रचारात आलेल्या 'चॅव्ह' या नावाला ते भाग्य लाभले नाही. २००४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाच्या भाषाविषयक अहवालाने तो त्या वर्षाचा शब्द ठरविला. नगरपालिकेच्या चाळींत राहणारा, खेळाडूचे कपडे आणि ठळक दागिने घालणारा, 'बर्बरी'च्या चौकडीची टोपी मिरविणारा बेकार तरुण, असे त्याचे चित्र होते. ही चौकडी मुळात सभ्य गृहस्थांच्या पावसाळी कोटाचे अस्तर. ती गरिबाच्या डोक्यावर चढताच कंपनीने २००४ मध्ये त्या टोप्या विकणे थांबविले. सॅव्हिल रोच्या लांब कोटाचीच ही पन्नास वर्षांनंतरची आवृत्ती. 'चॅव्ह' म्हणजे नगरपालिकेची घरे आणि दंगेखोरी यांच्या आद्याक्षरांपासून बनलेला शब्द, अशी एक व्युत्पत्तीही कोणी रचली. ती खोटी आहे. पण थट्टेला कारण हवे असते, आणि ते मागाहून पुरविता येते.

त्या शब्दाची बहुमान्य व्युत्पत्ती भारतीय वाचकाला थबकविणारी आहे. रोमानी, म्हणजे जिप्सी लोकांच्या भाषेत 'छावो' म्हणजे मुलगा. तोही कोणाचाही मुलगा नव्हे. परक्याच्या मुलासाठी त्या भाषेत 'राक्लो' हा निराळा शब्द आहे. 'छावो' म्हणजे आपल्यातला, आपल्या जमातीचा मुलगा. हे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले आणि त्यांच्या भाषेने 'पानी'सारखे शब्द वेल्सच्या डोंगरांपर्यंत नेले. स्कॉटलंडमध्ये त्यांची पहिली नोंद १५०५ सालची आहे. ते इजिप्तमधून आले, या समजुतीने त्यांना नाव पडले, आणि १५३० मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने त्यांना देशाबाहेर घालविण्याचा कायदा केला. सर राल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात, जो १९६२ पासून खंडशः निघाला, पाली 'छाप', प्राकृत 'छाव', रोमानीतील हा शब्द आणि मराठीतील 'छावा' एकाच कुळात बसविलेले आहेत. मराठी भाषेच्या घडणीचा इतिहास लिहिणारे ज्यूल ब्लॉक यांनी १९५३ साली जिप्सींवरही एक लहान पुस्तक लिहिले, ते एका अर्थी उचितच होते.

मराठीत छावा म्हणजे हत्तीचे किंवा सिंहाचे पिल्लू, आणि त्यावरून शूराचा शूर पुत्र. शिवाजी सावंत यांनी १९७९ मध्ये संभाजीराजांवरील कादंबरीला हेच नाव दिले, आणि वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. तोच शब्द इंग्लंडमध्ये ज्यांच्या तोंडी होता, ते लोक गावकुसाबाहेर गाड्यांत राहात, घोड्यांचा व्यापार करीत, हंगामात शेतांवर मजुरी करीत. केंटमध्ये व दक्षिणेच्या इतर परगण्यांत त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या गरीब इंग्रजांनी तो उचलला, आणि त्यांच्याकडे तो पुष्कळ काळ 'मूल' या साध्या अर्थानेच राहिला. 'पॅल' हा मित्रवाचक शब्दही रोमानीतील 'भाऊ' या अर्थाच्या शब्दापासून आलेला. त्याला इंग्लिशने सन्मानाने घरात घेतले. 'चॅव्ह'च्या वाट्याला मात्र दूरदर्शनवरील नकला आल्या. नकला करणारे आणि त्यांना हसणारे यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होते की एका तिरस्कृत जमातीचा लाडका शब्द दुसऱ्या तिरस्कृत वर्गाच्या अंगावर फेकला जात आहे.

२००५ मध्ये केंटमधील ब्लूवॉटर या मोठ्या बाजारसंकुलाने डोक्यावर टोपडे ओढलेल्या मुलांना मज्जाव केला, आणि 'हूडी' हे वस्त्राचे नाव माणसाचे नाव झाले. १९९८ च्या कायद्याने असामाजिक वर्तनाविरुद्ध निघणाऱ्या न्यायालयीन आदेशाचे 'ॲस्बो' हे आद्याक्षरी नाव तर मुलेच एकमेकांना गमतीने चिकटवू लागली. इंग्लंड व वेल्समध्ये तो आदेश २०१५ मध्ये मोडीत निघाला. ओवेन जोन्स या तरुण लेखकाने २०११ साली 'चॅव्ह्ज' हे पुस्तक लिहून विचारले, की वंशावरून केलेली थट्टा ज्या मेजवानीत कोणी खपवून घेणार नाही, तेथे गरिबीवरून केलेली थट्टा निर्धास्तपणे कशी चालते. त्याच वर्षीच्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये जिप्सी आणि आयरिश फिरस्त्यांना प्रथमच स्वतंत्र रकाना मिळाला. त्या रकान्यात खूण करणाऱ्या घरांतून मूल रडू लागले की आई ज्या शब्दाने त्याला जवळ घेते, तो शब्द अजून 'चाव्ही' हाच आहे.